शिंगरू आपल्याच दारात

(शताब्दी सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारी केलेले भाषण. पोरांनी मोबाइलवर धरून ठेवलं होतं, ते उतरवून मला वाचून दाखवलं. थोडं कमी-जास्त करून इथं दिलं आहे.)

 

आज अभंग लावत नाही. कीर्तन रात्री आहेच, तिथं बुवा समर्थ आहेत. मला चालकांनी सांगितलं, "आबा, तुम्ही दिंडीच्या घोड्यावर बोला." माझं शिक्षण चौथी. शेती, जनावर आणि टाळ या तिन्हीत जन्म गेला, त्यातलंच बोलणार. ऐकायला गोड लागेल असं नाही, पण कामाचं आहे, कारण उद्याच्या बैठकीत त्याचा निर्णय व्हायचाय.

विषय असा आहे. आपली तुळशी घोडी आता विसाव्या वर्षात आहे. गेल्या आषाढीला प्रस्थानाच्या रिंगणात ती दोन फेऱ्यांतच दमली, हे सगळ्यांनी पाहिलं. कुणी बोललं नाही, पण पाहिलं. आता दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून पोरांचं म्हणणं, दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊ, तापीकाठच्या त्या बाजारातून पांढराशुभ्र घोडा आणू. मोबाइलवर एक घोडा दाखवला मला. गुलाबी तोंड, निळसर डोळे, गळ्यात घुंगरू, मागच्या दोन पायांवर उभा राहतोय. दिसायला राजबिंडा, नाही म्हणत नाही. दुसरं म्हणणं माझं आहे. तुळशीची लेक गंगी आपल्याच एका टाळकऱ्याच्या दारात उभी आहे, आठ वर्षांची. तिला चांगला नर दाखवू आणि दिंडीचा पुढचा घोडा आपल्या गावात जन्माला घालू. मात्र हे काम नीट करायचं असेल तरच. अर्धवट करायचं असेल तर खुशाल बाजारात जा. अर्धवट केल्यावर काय होतं ते मी केलेलं आहे, म्हणून सांगतो.

आधी आपल्या घोड्याचं काम काय, ते ध्यानात घ्या. माउलींचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, चालत आळंदीला येतात. गाडीतून नाही, चालत. मग आळंदीहून पंढरपूर. पुरंदावड्याला, खुडूसला, बाजीराव विहिरीला रिंगण होतं. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणी नाही. त्याच्यावर माउली बसलेत असं आपण मानतो. भोवती माणसांचा समुद्र, टाळ-मृदंगाचा आवाज कानठळ्या बसवणारा, आणि त्या मोकळ्या पट्ट्यातून घोडा धावतो. धावून झालं की त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायला लोक तुटून पडतात. अगदी घोड्याच्या पोटाखाली हात घालतात. आपण आपल्या माळावर प्रस्थानाच्या दिवशी करतो ते रिंगण त्यापुढं इवलंसं. पण आपल्याही घोड्याच्या पोटाखाली लेकरं हात घालतात, हे खरं ना? मग मला सांगा, हे काम करणाऱ्या घोड्याचा रंग बघायचा का स्वभाव?

हे मला कळायला एक हात मोडावा लागला. माझा नव्हे, दुसऱ्याचा.

माझं वय तेव्हा तीस असेल. वडिलांची जुनी घोडी गेली होती आणि दिंडीचा घोडा आपल्या घरचा असावा ही माझी हौस. हौसेत अभिमान किती आणि भक्ती किती, ते पांडुरंगाला ठाऊक. एका यात्रेतून मी घोडी आणली. पंचकल्याणी. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ भोवरा. दलालानं भोवरा दाखवला आणि मी पागोट्यासकट गार झालो. घोडी स्वस्त का मिळतेय हे विचारायचं सुचलं नाही. घरी आणल्यावर चारच दिवसांत कळलं. खरारा करायला गेलं की कान मागं पाडायची, चंदी घालणाऱ्याला लाथ झाडायची. मागून बघितलं तर ढोपरं गाईसारखी आत वळलेली. वडील म्हणाले, "हिच्याकडून काम करून घे, पण हिची वीण घेऊ नको." मी ऐकलं नाही. मनात म्हटलं, नर चांगला दाखवला की शिंगरू बापावर जाईल.

नरही तसाच निवडला. उंच, नावाजलेला, लांबचा. मालकानं तबेल्याच्या अंधारातच दाखवला. बाहेर काढा म्हटलं तर म्हणाला, "आता गरम आहे, नको." मीही नको म्हटलं. पैसे दिले, घोडी भरवली.

1988 साली शिंगरू झालं, नर. मोती नाव ठेवलं. रूप असं की लोक सायकली थांबवून बघायचे. दीड वर्षाचा झाला तेव्हा आईसारखाच मागच्या ढोपरात वळू लागला. आणि आईसारखेच कान पाडू लागला. मी म्हणायचो, शिकवू, होईल नीट. 1991 च्या प्रस्थानाला तीन वर्षांचं ते पोरगं जनावर मी रिंगणात सोडलं. पखवाजाची थाप पडली आणि ते बिथरलं. सरळ तुळशीवाल्या बायकांत घुसलं. आमच्या थोरल्या वहिनी पडल्या, उजवा हात कोपरावर मोडला. डोक्यावरची तुळस फुटली. मला अजून तो आवाज येतो, कुंडी फुटल्याचा.

वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. हात गळ्यात बांधून त्या वर्षी त्यांनी वारी केली, तुळस दुसरीच्या डोक्यावर दिली आणि तिच्या शेजारून चालल्या. पुढं तो हात कधी पूर्ण सरळ झाला नाही. भाकरी थापताना बघितलं की मी तोंड फिरवायचो.

आता याच्या पुढचं सांगतो, ते कुणाला सांगितलेलं नाही. मोती मी विकला. गिऱ्हाईक वरातीचा धंदा करणारा होता, त्यानं विचारलं, "गर्दीत कसाय?" मी म्हणालो, "बघा की, गरीब आहे." वरात म्हणजे बँड, फटाके आणि नवरदेव वर बसलेला! कीर्तनात लोकांना खरं बोला म्हणून सांगणारा मी. आठ दिवस झोप लागली नाही. नवव्या दिवशी पैसे घेऊन त्याच्या गावी गेलो, तर त्यानं घोडा पुढं विकला होता. कुणाला, तेही त्याला धड सांगता येईना. तिथून पुढं त्या घोड्याचं काय झालं मला माहीत नाही. असो. आज शताब्दी आहे, म्हणून मन मोकळं केलं.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं मी वीण घेतली नाही. पण जाईन तिथं घोडी आणि शिंगरू जोडीनं बघायला लागलो. अकलूजच्या बाजारात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, टांगेवाल्यांच्या अड्ड्यावर. जुन्या नालबंदांजवळ बसायचो. त्यातून जे शिकलो ते आता सांगतो.

आपल्याकडं सगळे नराचं कौतुक करतात. कुणाचा आहे, किती उंच आहे, कुठं जिंकलाय. घोडीबद्दल कुणी विचारत नाही. उलटं करा. रक्त दोघांचं निम्मं-निम्मं, पण अकरा महिने पोटात ठेवणार घोडी आणि पुढं सहा महिने अंगावर पाजणार घोडी. शिंगरू त्या सहा महिन्यांत आईकडं बघून शिकतं की कशाला भ्यायचं. प्लास्टिकची पिशवी उडाली आणि आई शांत राहिली, तर शिंगरू दोन उड्या मारून गप्प होतं. आई उधळली तर ते जन्मभर पिशवीला उधळतं. म्हणून आधी घोडी बघा. घोडी पसंत नसेल तर नर बघायला जाऊच नका, भाड्याचे पैसे वाचतील.

घोडीचं वय दातावरून बघा. अडीच वर्षांला मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला त्यांच्या बाजूचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड भरतं. दहाच्या पुढं वरच्या कडेच्या दातावर एक खाच उतरायला लागते, ती जितकी खाली तितकं वय जास्त. पहिली वीण चार-पाच वर्षांला घ्यावी. तीन वर्षांचं अंग स्वतःच वाढत असतं, त्याला दुसरं ओझं कशाला? आणि पंधरा-सोळा वर्षांच्या घोडीला पहिल्यांदाच भरवायचा हट्ट धरू नये, ती सहसा धरत नाही. तोंड उघडलंच आहे तर वरचा जबडा पोपटासारखा पुढं आलाय का, तेही बघा. असा जबडा रक्तातून उतरतो आणि त्या जनावराला गवत नीट तोडता येत नाही.

पाय कडक जमिनीवर बघा. वाळूत किंवा गवतात सगळेच घोडे चांगले चालतात. एकानं घोडी आपल्यापासून दूर न्यावी, मग समोर आणावी, मग दुडकी चालवावी. पुढचे खूर सरळ पडतात का, मागची ढोपरं आत वळतात का, चालताना डोकं एका पावलाला वर-खाली होतं का. डोकं झुलत असेल तर कुठंतरी दुखतंय. लंगडेपणा अपघाताचा असेल तर शिंगरात येत नाही. वाकडे पाय येतात. हे दोन्ही वेगळे ओळखा, नाहीतर जुन्या जखमेपायी चांगली घोडी नाकाराल आणि सरळ चट्टा नसलेली वाकडी घराला आणाल.

आता मायबहिणी बसल्यात तरी सांगतो, त्यांनीही गाई-म्हशी सांभाळल्यात. शेपटी उचलून मागचं अंग बघा. ते उभं सरळ असावं. वरून आत ओढलेलं, तिरकं असेल तर शेण त्यावरच पडतं, घाण आत जाते आणि घोडी वरचेवर उलटते. आमच्यात एक बापडा तीन वर्षं नर बदलत राहिला, दोष इथं होता. आधीची शिंगरं असतील तर ती बघायला जा. एक शिंगरू बघितलं की दहा दलालांचं बोलणं ऐकल्यासारखं आहे.

स्वभाव बघायला मी एक साधी रीत करतो. घोडी चंदी खाताना तिच्याजवळ जाऊन उभा राहतो. काही करत नाही, नुसता उभा. मग टाळ वाजवतो, आधी हळू, मग मोठ्यानं. कान माझ्याकडं वळले, एक डोळा फिरवला आणि परत तोबऱ्यात तोंड घातलं, तर ती आपली. कान मागं पडले तर राम राम करून परत यायचं, मग भोवरा देवमण असो नाहीतर काही असो.

रंगाचं एकदाच सांगून टाकतो, कारण पोरांचा जीव त्यात अडकलाय. आपण पांढरा म्हणतो तो बहुतेक घोडा जन्मतः पांढरा नसतो. काळा किंवा तांबडा जन्मतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. कातडी खालून काळीच असते. आपली तुळशी जन्मली तेव्हा कोळशासारखी होती. गावात हसले मला. म्हणाले, महाराजांनी पांढरा सांगितला आणि काळं आणलं. मी डोळ्यांभोवतीचे पांढरे केस बघितले होते, म्हणून गप्प बसलो. आज ती कापसासारखी आहे. जन्मतः पांढरा आणि कातडी गुलाबी, तो नुकरा. त्याची गुलाबी कातडी उन्हात भाजते, नाकावर फोड येतात. वरातीला संध्याकाळी दोन तास ठीक आहे. ज्येष्ठाच्या उन्हात अठरा-वीस दिवस चालवायचा असेल तर विचार करा.

आता नर. तो दिवसा बघायचा, उजेडात, तबेल्याच्या बाहेर. मालक बाहेर काढत नसेल तर चहा पिऊन परत या. त्याचं खोगीर नको, झूल नको, घुंगरं नकोत. उघडा घोडा बघायचा. माणूस आत कसा जातो ते बघा. काठी घेऊन जातो का हात हलवत जातो? तोंडाला काटेरी लगाम आहे का साधी मोहरकी? दोन्ही अंड खाली उतरलेत का हे बघा. एकच उतरलेला नर बऱ्याचदा गाभण घालतो, पण तो दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो. आणि घोडीत जो उणेपणा आहे तो नरात नसावा. गंगीची पाठ थोडी लांब आहे, हे मी तिच्या मालकादेखत सांगतो, राग मानू नये. तिला आखूड, भरीव पाठीचा नर हवा. दोन्ही लांब पाठीचे जोडले तर पुढं कुणाला बोल लावणार?

उंचीचा हव्यास नको. पोटात शिंगरू किती वाढायचं ते बरंचसं घोडीचं पोट ठरवतं. बुटक्या घोडीला ताडमाड नर दाखवला म्हणून मधल्या उंचीचं सुबक शिंगरू होईलच असं नाही. पाय एकाचे आणि धड दुसऱ्याचं, असंही बघितलंय. मारवाडी घोडा देखणा, काठेवाडी काटक, दोघांचे कान टोकाला आत वळलेले, बघत राहावं असे. पण आपल्या भीमथडीचं तट्टू विसरू नका. मराठ्यांच्या फौजा या भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या तट्टांवर दौडल्या. उंचीनं कमी, खुरानं कणखर, कोरड्या कडब्यावर निभावणारं. आजही धनगर बांधव पावसामागं मेंढरं घेऊन निघाले की संसार त्याच्याच पाठीवर असतो, आणि वर कोंबड्या आणि लेकरू. गर्दी, कुत्री, ट्रकचा भोंगा, कशाला ते बुजत नाही. दिंडीला याहून वेगळं काय लागतं?

दोघांचं रक्त तपासल्याशिवाय जोडी लावायची नाही. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याला होतो, तो माणसालाही होतो आणि त्यावर घोड्याला वाचवायचा उपाय नाही. तो निघाला तर सरकार जनावर मारायला लावतं. सर्रा माश्यांमुळं पसरतो, ताप येऊन घोडा वाळत जातो. सरकारी डॉक्टर रक्त घेऊन पाठवतात. घोड्यांचं केंद्र सरकारचं संशोधन केंद्र हिसारला आहे, डॉक्टरांना ते सगळं माहीत असतं. नराचा मालक म्हणाला, "माझा घोडा ठणठणीत आहे, तपासणी कशाला?" तर समजून घ्या की कशाला.

वेळेचं गणित आपल्या वारीशी जमवायला लागतं. दिवस मोठा व्हायला लागला की घोडी माजावर येते. तीन आठवड्यांनी परत येते आणि पाच ते सात दिवस माजावर राहते. बीज पडतं ते शेवटाकडं, म्हणून पहिल्याच दिवशी घाई करण्यापेक्षा तिसऱ्या दिवसापासून एकाआड एक दिवस दाखवावी. पंधरा-सोळा दिवसांनी डॉक्टरांकडून सोनोग्राफी करून घ्यावी. घोडीला जुळं पेलत नाही. बहुतेक वेळा दोन्ही जातात, घोडीही धोक्यात येते. लवकर कळलं तर डॉक्टरांना काही करता येतं.

गाभणकाळ अकरा महिने, दहा-पंधरा दिवस इकडं-तिकडं. चैत्रात भरवली की फाल्गुनात विते. म्हणजे भरवलेल्या वर्षी आषाढीला ती दोन-तीन महिन्यांची गाभण असेल, हलकं चालेल, रिंगणात पळवायची नाही. पुढच्या आषाढीला शिंगरू तीन-चार महिन्यांचं, त्या वर्षी ती घरी. मग शिंगरू तीन वर्षांचं होईपर्यंत पाठीवर माणूस नाही, आणि चार वर्षांचं होईपर्यंत रिंगण नाही. मोतीला मी तिसऱ्या वर्षी सोडलं, ते पाप पुन्हा नको. म्हणजे आजपासून मोजून पाच आषाढ्या. तोवर तुळशी चालली तर चालली, नाहीतर शेजारच्या दिंडीचा घोडा मागून आणू. मागण्यात कमीपणा नाही. पोरांना पाच वर्षं लांब वाटतात. मी सहासष्टचा आहे, मला किती वाटत असतील?

स्वस्त पडतं म्हणून हे करू नका, हेही स्पष्ट सांगतो. नराचे पैसे, डॉक्टर, चार वर्षांची चंदी, कडबा, लसूण घास, नाल, सगळं धरलं तर बाजारातलं शिंगरू कमी पैशात मिळेल. जास्तीचं मिळतं ते एवढंच की त्याला पहिल्या दिवसापासून कुणी मारलं नाही हे आपल्याला ठाऊक असतं.

तुळशीचा जन्म सांगतो आणि आटपतो. 2005 चा फाल्गुन. तिची आई चंद्री, तीही अशीच टाळ वाजवून निवडलेली. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं शिंगरू सगळ्यात जास्त वाढतं, तेव्हा चंदी वाढवली होती. धनुर्वाताची लस महिनाभर आधी दिली होती. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो, तबेल्यातल्या खिळ्याचं निमित्त पुरतं. एक मात्र ऐका, कोंबडीचं खाद्य उरलंय म्हणून घोड्याला घालू नका. त्यातल्या काही औषधांनी कोंबडी जगते आणि घोडा मरतो.

आमच्या घरच्यांनी सकाळीच सांगितलं, "सडांवर मेणासारखं आलंय, आज नाहीतर उद्या." मी दोन रात्री जागलो. तिसऱ्या रात्री हरिपाठाला म्हणून तासभर देवळात गेलो, आणि ती तेवढ्यातच व्याली. घोडीची हीच तऱ्हा, माणूस हलला की विते. परत आलो तर आमच्या घरच्या कंदील धरून उभ्या, आणि काळं ओलं शिंगरू पेंढ्यात धडपडतंय. मी उचलायला पुढं झालो तर मला अडवलं. "त्याचं त्याला उठू द्या." तासाभरात उठलं. दुसऱ्या तासात सड सापडला, चीक प्यालं. तिसऱ्या तासाच्या आत जार पडला. हे तीन तास लक्षात ठेवा. तासाभरात उठलं नाही, दोन तासांत प्यालं नाही, तीन तासांत जार पडला नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टरला झोपेतून उठवायचं. जार पडल्यावर तो पसरून बघायचा, तुकडा आत राहिला तर घोडी जाते. नाळेला आयोडीन लावायचं.

चौथ्या दिवशी एकादशी होती. भजनी मंडळ दर एकादशीला आमच्या ओसरीवर बसतं, त्या रात्री मी त्यांना गोठ्यासमोर बसवलं. आधी नुसती वीणा. मग टाळ. पखवाज शेवटी, तोही दुरून. चंद्री रवंथ केल्यासारखी उभी राहिली, घोडा रवंथ करत नाही, पण तशी. शिंगरू तिच्या पोटाआड गेलं, मग मान काढून बघायला लागलं. वहिनी जवळ आल्या आणि त्या वाकड्या हातानं त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नाव त्यांनीच ठेवलं, तुळशी. त्या आता नाहीत. पंधरा वर्षं तुळशी आपल्या रिंगणात धावली, एकाही लेकराला तिचा खूर लागला नाही.

आता उद्याच्या बैठकीचं. गंगीसाठी दोन नर मी स्वतः जाऊन बघून आलोय. एक पांढरा, पोरांनी पसंत केलेला, तालुक्यात नाव आहे. बाहेर काढायला तीन गडी लागले. त्याच्या दोन शिंगरांना मालक दाखवायला तयार नव्हता. दुसरा तांबडा, भीमेकाठच्या एका शेतकऱ्याचा. उंचीनं आपल्या गंगीएवढाच. पाठ आखूड, खूर दगडासारखे. मी पोचलो तेव्हा घरी कुणी मोठं नव्हतं. दहा वर्षांचा नातू मोहरकी धरून त्याला पाण्यावर घेऊन चालला होता, आणि वाटेत पोरगं चप्पल घालायला थांबलं तर घोडाही थांबला. त्याची चार शिंगरं त्याच वस्तीवर आहेत, मी चौघांजवळ टाळ वाजवला. त्यातलं एक बुजलं, तीन आली आणि टाळ हुंगायला लागली. बुजलेल्याची आईही बुजरी निघाली.

मी तांबड्याच्या बाजूनं आहे. शिंगरू तांबडं होईल, पांढरं होईल, मला सांगता येत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी रविवारी माझ्यासंगं चला, दोन्ही घोडे डोळ्यांनी बघा, मग बैठकीत हात वर करा. गाडी सकाळी सातला देवळापासून निघेल, भाकरी आपापली आणावी. आणि गुरुवारी डॉक्टर गंगीचं रक्त घ्यायला येतायत, तिला धरायला दोन जण हवेत. मोठ्यानं बोलणारे नकोत.

रामकृष्ण हरी.